गावातल्या प्रोग्रामले बेसचा ॲम्प कसा लावायचा

एप्रिल आला का आपल्याकडे भीमगीतांच्या प्रोग्रामची लाईन लागते, आज साकोली उद्या पवनी, आन् दरवर्षी एखादा नवा पोरगा विचारतेच, भाऊ बेस गिटारसाठी किती वॅटचा ॲम्प घेऊ?

अरे बावा, वॅट नंतर पाहू, आधी ॲम्पच्या मागं डीआय आऊट, म्हंजे आवाज सरळ मिक्सरले पाठवाचं छिद्र, आहे का ते पाय. मैदानातल्या लोकांपर्यंत तुझा बेस साऊंडवाल्याचे सबवूफर नेतात, स्टेजवरचा ॲम्प तुले आन् ढोलकवाल्याले ऐकू यावा एवढ्यासाठीच असते. डीआय आऊटमधून एक्सएलआर केबल (माईकची तीन पिनवाली) सरळ मिक्सरले दे, प्री-पोस्टचं बटन असलं तर प्रीवर, म्हंजे टोनच्या नॉबच्या आधी, ठेव, मग तू स्टेजवर टोनचे नॉब कितीबी फिरव बाहेरचा टोन हालत नाही.

साऊंडवाला नसला तर मात्र ३०० वॅट तरी पाहिजे. चार तारांच्या बेसची सगळ्यात जाड तार मोकळी ४१ हर्ट्झवर वाजते, एवढा खालचा आवाज ढकलाले ताकद लागते. पण १०० चे २०० वॅट केले तर ३ डेसिबलच वाढते, त्यापेक्षा पैसा कॅबिनेटमध्ये, म्हंजे स्पीकरच्या पेटीत, टाक. हेडवर (स्पीकर नसलेला नुसता ॲम्प) कमीत कमी ४ ओहम लिहिलं असलं तर ८ ओहमचे दोन कॅबिनेट चालतात, ४ चे दोन लावले का २ होते आन् हेड जाते. कॅबिनेटले स्पीकर केबलच लाव, गिटारची नाही.

खरी डोकेदुखी लाईटची. जनरेटरवर हॅलोजन, कूलर सगळं एकाच बोर्डात, व्होल्टेज नाचते, म्हणून मी मल्टीमीटरनं २३० च्या आसपास आहे का ते पाहूनच प्लग लावतो, तेबी स्टॅबिलायझरमधून. हम्म येत असलं तर डीआयवरचं ग्राउंड लिफ्ट दाब, पण अर्थिंगची पिन कधीच तोडू नको. एकदा पिन तोडलेल्या ॲम्पवर बेस वाजवता वाजवता कोरस द्याले गेलो आन् माईकले ओठ लागताच असा झटका बसला का अंतरा गेला डोक्यातून!

सगळे नॉब मधात ठेवून सुरू कर. जोरात वाजवलं आन् क्लिपचा (आवाज फाटते तेव्हाचा) लाल लाईट लुकलुकला का गेनचा नॉब थोडा खाली. तख्तपोसाचं स्टेज खालून पोकळ राहते, लय घुमते, मग ॲम्प प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेव, १००-२०० हर्ट्झचा भाग कमी कर. ऐकू येत नसलं का सगळे बेसचा नॉब पिळतात, तू मिड वाढव. मंडपाचा पडदा ॲम्पच्या फॅनले चिकटू देऊ नको. आन् दोन जास्तीचे फ्यूज बॅगेत टाक, रात्री अकराले गावात कोणतं दुकान उघडं राहते?