रॅकेट हलकी घ्यावी की जड?

टेनिसच्या रॅकेटवर छापलेला २८५ किंवा ३०० ग्रॅम हा आकडा बहुतेक वेळा तारा ओढण्याआधीचा असतो. तारांचे १५ ते १८ ग्रॅम, मुठीवर गुंडाळायच्या ओव्हरग्रिपचे ५-६ आणि तारांची थरथर कमी करणाऱ्या डॅम्पनरचे दोनेक ग्रॅम धरले, की ३०० ची रॅकेट खेळताना सव्वातीनशेच्या घरात जाते. शिवाय एकाच मॉडेलच्या दोन रॅकेटींत पाच-सात ग्रॅमचा फरक सहज निघतो. म्हणून तुलना करायची तर दोन्ही रॅकेटी तारांसकट काट्यावर ठेवा.

पण काटा अर्धीच गोष्ट सांगतो. वजन कुठे आहे, हे त्याला कळत नाही. पट्टीच्या धारेवर रॅकेट आडवी तोला, जिथे स्थिर राहील तिथे खूण करा आणि मुठीच्या टोकापासून अंतर मोजा. नेहमीच्या ६८.५ सेंटिमीटर लांबीच्या रॅकेटचा मध्य ३४.३ ला येतो. तोल ३२ वर असेल तर वजन मुठीकडे, ३५ वर असेल तर डोक्याकडे. २७० ग्रॅमची डोकेजड रॅकेट फिरवायला ३०० ग्रॅमच्या मूठजड रॅकेटइतकीच जड लागू शकते. फिरवताना जाणवणाऱ्या या जडपणाला स्विंगवेट म्हणतात आणि माझ्या मते विकत घेताना पाहायचा खरा आकडा हाच. तो ग्रॅममध्ये नसतो, किलो-चौरस सेंटिमीटरमध्ये असतो; हौशी खेळाडूला साधारण २९० ते ३१५ मानवतो.

हलकी रॅकेट पटकन फिरते, म्हणून दुकानात ती हमखास आवडते. कोर्टवर मात्र समोरून वेगाने आलेला चेंडू मधोमध न लागता कडेला लागला, की ती हातात वळते. व्हॉली, म्हणजे टप्पा पडण्याआधीच मारलेला फटका, जाळ्यात जाते, नाहीतर चेंडू आखूड पडतो. धक्का रॅकेटने सोसला नाही की तो मनगट आणि कोपर सोसतं. हलकी, डोकेजड, ताठ फ्रेम आणि वर पॉलिएस्टरच्या तारा: कोपर दुखवायची ही पक्की कृती. ‘हात दुखतो म्हणून हलकी घेतो’ हे म्हणूनच अनेकदा उलटं पडतं.

जड रॅकेटचा दोष उशिरा दिसतो. पहिला सेट झकास जातो. दुसऱ्यात चेंडू गाठायला उशीर होऊ लागतो. उजव्या हाताच्या खेळाडूचे फोरहँड उजवीकडे बाहेर जाऊ लागले, सर्व्हिस जाळ्यात अडकू लागली, तर तंत्राला दोष देण्याआधी वजनावर शंका घ्या.

म्हणून चाचणी दमल्यावर घ्या. उसनी रॅकेट घेऊन निदान तासभर खेळा आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत तीन गोष्टी करा: दहा सर्व्हिस, जाळ्याजवळ अंगावर येणाऱ्या दहा व्हॉली आणि धावत जाऊन घ्यायचे फोरहँड. तेव्हाही चेंडू शरीराच्या पुढे लागत असेल, तर ते वजन तुमचं. वेळेवर फिरवता येईल त्यातली सर्वांत जड रॅकेट घ्या. सुरुवात करणाऱ्याने तारांशिवाय २७० ते २८५, आठवड्यातून दोन-तीनदा खेळणाऱ्याने २८५ ते ३०० मध्ये शोधावं. लांब आणि पूर्ण स्विंग असेल तरच त्यापुढे जा.

दोन वजनांत अडकलात तर हलकी घ्या. वजन वाढवता येतं, कमी करता येत नाही. डोक्याच्या दोन्ही बाजूंना, घड्याळाच्या तीन आणि नऊच्या जागी, दोन-दोन ग्रॅमची शिशाची पट्टी चिकटवा. रॅकेट वळणं कमी होतं आणि स्विंगवेट सातेक अंकांनीच वाढतं. तेच चार ग्रॅम डोक्याच्या टोकाला लावले तर ते तेराच्या आसपास वाढेल आणि मनगटाला लगेच कळेल. मुठीवर पाच ग्रॅमचा ओव्हरग्रिप गुंडाळला तर तोल साधारण चार मिलिमीटर मुठीकडे सरकतो, पण स्विंगवेट जवळजवळ हलत नाही. एका वेळी एकच बदल करा आणि दोन-तीन दिवस खेळून मगच पुढचा. शिशाला हात लागला असेल तर खाण्याआधी साबणाने धुवा.