कूलर बंद करून घेतलेली चाचणी

दहावी-बारावीचे निकाल लागले की मला दोन तऱ्हेचे फोन येतात. पालकांचे : "मॅडम, पोराचा आयक्यू वाढते का हो?" आणि मुलांचे : "मेंदूवर काहीतरी शिकायचंय, कुठून सुरुवात करू?" हे लिहितेय ते या मुलांसाठी. पण पहिला प्रश्न टाळता येत नाही, कारण मी स्वतः मानसशास्त्राकडे वळले ती त्याच आशेनं. शाळेत गणितात 'ढ' असा शिक्का बसलेला. मेंदू कळला की तो शिक्का पुसता येईल, असं वाटायचं.

नागपूर विद्यापीठातून एमए करताना पहिला दणका बसला तो संख्याशास्त्राचा. प्रमाण विचलन, सहसंबंध, विश्वसनीयता. ज्या गणिताला भिऊन कला शाखा घेतली, ते दारातच उभं. तुम्हीही गणितापासून पळून इकडे येत असाल तर आताच सांगते, सुटका नाही. आणि ज्या मेंदूसाठी आलो, तो अभ्यासक्रमात जेमतेम एखाद-दुसऱ्या पेपरात.

खरं शिक्षण झालं ते चाचण्या घेताना. आपल्याकडच्या मुलांसाठी वर्षानुवर्षं वापरली गेलेली एक बुद्धिमापन चाचणी म्हणजे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड वेश्लर यांच्या चाचणीचं भारतीय रूप. ते १९६९ मध्ये तयार केलं डॉ. आर्थर मालिन यांनी, तेही आपल्या नागपुरात. त्यात एक उपचाचणी अंकांची असते. आपण सेकंदाला एक अंक या चालीनं वाचायचं, मुलानं तसंच म्हणून दाखवायचं, मग उलट क्रमानं.

माझी पहिली चाचणी मे महिन्यातली. धंतोलीतली खोली, दुपारचे दोन, खिडकीत कूलर घरघरतोय. समोर नऊ वर्षांचा मुलगा. ठोकळ्यांची नक्षी त्यानं भराभर लावली आणि मी भाबडेपणानं प्रत्येक वेळी "शाब्बास" म्हणत गेले. अंकांशी आला आणि गडबडला. चारच्या पुढे जाईना. मी निमूटपणे गुण मांडले आणि कागद आमच्या मार्गदर्शक बाईंकडे दिले. त्यांनी ती एकच ओळ बोटानं दाबून विचारलं, "कूलर चालू होता का?"

होता. 'सात' आणि 'आठ' त्या आवाजात त्याला वेगळे ऐकूच येत नव्हते. बरोबर उत्तराला शाब्बास म्हणायचं नसतं, हेही त्याच दिवशी कळलं. मी गप्प राहिले की आपलं चुकलं, हे मुलगा लगेच ताडतो. दोन दिवसांनी बाईंनी दुसरे अंक घेऊन, कूलर बंद करून, घामाच्या धारांत तेवढा भाग पुन्हा घेतला. पोरानं सहा अंक म्हटले. दोन दिवसांत त्याची बुद्धी कुठून वाढणार!

हे लक्षात ठेवूनच 'आयक्यू वाढवतो' म्हणणाऱ्यांकडे बघा. आल्फ्रेड बिने यानं १९०५ मध्ये पॅरिसमध्ये पहिली चाचणी केली ती शाळेत मागे पडणारी मुलं शोधून त्यांना मदत करता यावी म्हणून. बुद्धी कायमची ठरलेली असते, हे त्याला मान्यच नव्हतं. मग वाढते कशानं? संगणकावरच्या, लक्षात ठेवण्याच्या एका खेळानं एका संशोधनात बुद्धी वाढलेली दिसली होती, २००८ मध्ये. पुढे काटेकोर तुलना केल्यावर तो परिणाम टिकला नाही. मीही तसला खेळ महिनाभर खेळले. खेळात पटाईत झाले, गोकुळपेठ बाजारातून कोथिंबीर आणायची मात्र विसरतच राहिले.

लंडनच्या टॅक्सीचालकांचं उदाहरण मला फार आवडतं. परवान्यासाठी त्यांना सुमारे २५ हजार रस्ते पाठ करावे लागतात. २०११ च्या अभ्यासात, जे उमेदवार पास झाले त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे आठवणी घडवणाऱ्या भागाचा, मागचा हिस्सा वाढलेला दिसला. नापास झालेल्यांचा नाही. पण एक गुंतागुंतीची आकृती बघून नंतर आठवून काढायच्या कामात हेच पास झालेले मागे पडले. मेंदू बदलतो, पण ज्याचा रियाज केला त्याच कामापुरता. आयक्यूचा आकडा जरा व्यापकपणे वाढवणारी त्यातल्या त्यात भरवशाची गोष्ट म्हणजे शाळा : सहा लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र केलेल्या २०१८ च्या विश्लेषणात शिक्षणाच्या दर वर्षाला १ ते ५ गुण वाढ दिसली. हे ऐकून पालकांचा चेहरा पडतो. त्यांना क्लास हवा असतो. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला लावणारे, 'मिडब्रेन' म्हणजे मधला मेंदू जागा करतो म्हणणारे क्लासवालेही इकडे येऊन गेले. पट्टीखाली नाकापाशी केवढी फट राहते, ते स्वतः बांधून बघा.

संख्याशास्त्र मला जमलं ते पुस्तक मिटून आठवायची सवय लावल्यावर. स्टार बसमध्ये बसून कालचं सूत्र मनात मांडायचं, अडलं की वही उघडायची. पुन्हा-पुन्हा वाचण्यापेक्षा हे जास्त टिकतं, यावर भक्कम प्रयोग झालेले आहेत.

आता वाटांचं. रुग्ण तपासायचे असतील तर नुसतं एमए पुरत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं पुढचं प्रशिक्षण आणि तिथली नोंदणी लागते. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञानाच्या संस्थेचं नाव तुम्ही ऐकलंच असेल. संशोधन करायचं असेल तर मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र किंवा अलाहाबाद विद्यापीठातलं बोधनविज्ञानाचं, म्हणजे मन विचार कसा करतं याच्या शास्त्राचं, केंद्र बघा. तिथे जीवशास्त्र, भौतिकशास्त्र, संगणकवालेही येतात, म्हणून प्रोग्रामिंग आताच शिकायला घ्या.

एक गोष्ट मात्र कुठल्याच अभ्यासक्रमात धड शिकवत नाहीत : निकाल सांगणं. अहवालात मी एक आकडा न देता पट्टा देते, इतक्यापासून इतक्यापर्यंत, आणि तो का, हे समजावते. त्या कूलरवाल्या मुलाच्या वडिलांनाही बाईंनी माझ्यासमोर अर्धा तास समजावलं. ते मान डोलावत राहिले, कागद घडी करून खिशात ठेवला, चपला घातल्या आणि दारातून वळून म्हणाले, "बरोबर आहे तुमचं मॅडम, पण शाळेत द्याले एकच आकडा सांगा ना."