चार दिवस, बारा तास: सही करण्याआधी आपलं काम असं तपासा

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका मशीन शॉपमध्ये इन्स्पेक्शनला, म्हणजे तयार भागांची मापं तपासायला आहे, एकोणीस वर्षं झाली. सहा दिवस आठ तासांऐवजी चार दिवस बारा तास काम, अशी पद्धत आली आहे आणि त्यासाठी कामगाराची सही घेतात. गेल्या वर्षी आमच्याकडं चार आठवडे ही पद्धत करून बघितली. सकाळी आठ ते रात्री आठ, आठवड्यातून चार दिवस. तेव्हापासून पिरनवाडीतल्या पोरी, शेजारच्या शॉपमधल्या मावश्या, घरचे दीर, सगळे विचारतात, "ताई, हो म्हणू काय?" मी त्यांना काय काय बघायला सांगते, ते इथं लिहिते.

पहिल्यांदा हजेरी, म्हणजे एका दिवसाची मजुरी, बघा. सहा आठे अठ्ठेचाळीस आणि चार बारे अठ्ठेचाळीस, तास तेवढेच. पण आपल्याकडं कंत्राटातली कितीतरी माणसं रोजावर आहेत. रोज तोच ठेवून दिवस सहाचे चार झाले, तर पगार सरळ तिसऱ्या हिश्श्यानं खाली येतो. म्हणून बारा तासांच्या दिवसाला दीड हजेरी लागणार का, हे आधी विचारा. चार दिवसांच्या दीड-दीड म्हणजे सहा हजेऱ्या, हिशेब जुळला. रजेचंही तसंच. वीस दिवस कामाला एक दिवस भरपगारी रजा धरली, तर वर्षाच्या 312 दिवसांना पंधरा-सोळा रजा मिळतात आणि 208 दिवसांना दहाच. त्या दहा रजांचा पगार बारा तासांचा धरला तरच आपलं फारसं काही जात नाही. हे कुणी आपण होऊन सांगत नाही, विचारावं लागतं.

मग अकरावा तास बघा. सगळ्यात जास्त वेळ इथं द्या.

आमच्या ट्रायलच्या तिसऱ्या आठवड्यात, गुरुवारी संध्याकाळी सव्वासहाची गोष्ट. बोअर, म्हणजे भागातलं गोल भोक, किंचित लहान येत होता, म्हणून सेटरनं (मशीन लावून देणाऱ्यानं) टूलच्या ऑफसेटमध्ये, म्हणजे मशीनमध्ये भरलेल्या हत्याराच्या मापात, करेक्शन टाकलं. टाकायचं होतं 0.02 मिलिमीटर, पडलं 0.2. आमच्या शॉपमधला हा सगळ्यात सावध माणूस, पण पॉइंटनंतरचं शून्य टाकायचं राहून गेलं आणि स्क्रीनवर बघूनही त्याला कळलं नाही. पुढचा जॉब, म्हणजे कापलेला भाग, माझ्या टेबलावर आला. बोअर गेज (भोक मोजायचं काट्याचं साधन) आत घातलं तर काटा इतका सरकला, की मला वाटलं गेजच हललंय. मी मास्टर रिंगवर (नेमक्या मापाच्या कडीवर) शून्य परत लावलं, परत घातलं, परत तेच. गेज बरोबर होतं. सकाळच्या वेळी मी पहिल्याच काट्याला मशीन थांबवा म्हणून ओरडले असते. त्या दिवशी मी दोन-तीन मिनिटं घालवली, आणि तेवढ्यात दुसरा जॉबही कापून झाला. बोअर मोठा झाला की जॉब भंगारात. सेटरला ओरडा बसला, मला नाही, आणि ते मला अजून बरोबर वाटत नाही. त्या दिवशी दोघंही थकलो होतो.

म्हणून आपल्या कामात शेवटच्या दोन तासांत चूक झाली तर ती दुरुस्त होते का, हे स्वतःला विचारा. पॅकिंगमध्ये लेबल चुकलं तर काढून दुसरं लावता येतं. फाउंड्रीत लॅडलमधून (मोठ्या पळीतून) वितळलेल्या धातूचा रस ओतताना पाय घसरला, दवाखान्यात नर्सबाईंच्या हातून इंजेक्शन बदललं, तर मागं फिरता येत नाही. अशा कामांना मी बारा तास नको म्हणते, मधे चांगली विश्रांती आणि पाळीनं बदली माणूस मिळणार असेल तरच विचार करा म्हणते.

एकाच शॉपमध्येसुद्धा सगळ्यांना एक माप लागत नाही. व्हीएमसीवर (संगणकानं चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) चाळीस मिनिटांचा जॉब असेल, तर माणूस जॉब लावतो, लक्ष ठेवतो, मधे बसतोही. त्याला बारा तास जमतात. पण दर दोन मिनिटांनी पाच किलोचं कास्टिंग मशीनवर चढवायचं असेल तर तासाला तीस उचल होतात, म्हणजे दीडशे किलो. चार तास वाढले की दिवसाला 600 किलो जास्त. बर, म्हणजे कापल्यावर कडेला राहिलेली धारदार कड, काढायला ग्राइंडर धरून बसणाऱ्या बायकांचे हात रात्री भाकरी थापतानाही थरथरतात, आठ तासांतच. आवाजाचंही बघा: 90 डेसिबलची नियमातली मर्यादा आठ तासांच्या दिवसासाठी आहे. भट्टीजवळच्यांनी तर एप्रिल-मेचा विचार करूनच बोलावं.

निपाणीच्या विडी कामगार मावश्यांना मजुरी हजार विड्यांवर, वडगाव-शहापुरात मागावर नगावर. तिथं तासांपेक्षा दराचा प्रश्न मोठा आहे, तो यात मिसळू नका.

सुपरवायझर असाल तर गैरहजेरीचा हिशेब करा. तीन शिफ्टमध्ये एकजण आला नाही तर आधीचा चार तास थांबतो, पुढचा चार तास लवकर येतो, मशीन चालतं. बारा तास उभा राहिलेल्याला "अजून थांब" म्हणता येत नाही, म्हणूही नये. तेव्हा रिलीव्हर, म्हणजे बदली माणूस, ठरलेला नसेल तर सुरूच करू नका.

आता घर आणि बस. शिनोळीच्या पलीकडून, चंदगड तालुक्यातून येणारा एक पोरगा आमच्याकडं आहे. जाऊन-येऊन त्याचे दोन तास मोडतात, चार दिवसांमुळं आठवड्याचे चार तास आणि दोन दिवसांचं पेट्रोल वाचलं. शिवाय जुलैत रोप लावणीला सलग तीन दिवस घरी. येळ्ळूरच्या भातवाल्यांनाही ते सोन्यासारखं वाटलं. पण माझ्याबरोबरच्या एका बाईचं बाळ चार वर्षांचं. रात्री आठला सुटून ती घरी पोचेपर्यंत ते झोपलेलं असायचं, सलग चार दिवस. कर्नाटकच्या सरकारी बसमध्ये बायकांना जून 2023 पासून तिकीट फुकट आहे, पण आठनंतर आपल्या गावाला बस आहे का, आणि स्टॉपपासून घरापर्यंत दिवे आहेत का, हे स्वतः एकदा त्या वेळेला जाऊन बघा. नसेल तर कंपनीची गाडी मागा.

एवढं बघूनही करावंसं वाटलं तर आधी चार आठवडे ट्रायल मागा. एक वही ठेवा. रोज तासागणिक रिजेक्शन किती, जरा वाचलो असं कितीदा झालं, रात्री झोप किती, आणि पहिल्या सुट्टीचा दिवस नुसता झोपण्यात गेला का, हे लिहा. आमच्या वहीवरून असं ठरलं, की एका जॉबला जास्त वेळ घेणारी मशीनं चार दिवसांवर जावीत आणि बर काढणं व इन्स्पेक्शन आठ तासांवरच राहावं. मी ते मागून घेतलं.

शेवटी सही. कर्नाटकनं 2023 मध्ये तेव्हाच्या कारखाना कायद्यात दुरुस्ती करून बारा तासांची वाट मोकळी केली, पण आठवड्याचे 48 तास कायम ठेवले आणि कामगाराची लेखी संमती लागेल असं घातलं. म्हणजे तुमच्या सहीला किंमत आहे. 48 च्या वर काम झालं तर दुप्पट दरानं ओव्हरटाइम, हे कागदावर आहे का बघा. दीड हजेरी, रजेचे तास, रिलीव्हर, गाडी, आणि नाही जमलं तर परत आठ तासांवर यायची मुभा, हेही लिहून घ्या. कागद कानडीत असेल आणि वाचता येत नसेल, तर लाजू नका. शेजारच्या मशीनवरच्या अण्णांना किंवा अक्कांना सांगा, ते ओळ न ओळ वाचून मराठीत सांगतात, माझाही असाच वाचून घेतला होता. एक झेरॉक्स घरी ठेवा.