कॅम्पर व्हॅनची घरच्या घरी दुरुस्ती: आधी गळती, मग वायरिंग, बाकी हौसमौज नंतर

कॅम्पर व्हॅन, म्हणजे आत झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, दारात आली की सगळे पहिलं काय करतात तर सोलर पॅनेल बघायला लागतात, मग मोठा इन्व्हर्टर, मग भिंतींना छान लाकडी पट्ट्या, आणि छतातून पाणी येतंय का हे बघायचं राहूनच जातं. पट्ट्या ठोकल्या की आतला गंज दिसत नाही एवढंच, वाढायचा तो वाढतोच. म्हणून क्रम साधा ठेवा: आधी पाणी, मग करंट, मग उरलेलं. आणि नवीन पार्ट ऑर्डर करायच्या आधी एक लक्षात घ्या, व्हॅनमध्ये दुखणं दिसतं एकीकडे आणि असतं भलतीकडेच.

गळतीचंच बघा. थेंब मागच्या दरवाज्यावर पडतोय म्हणून लोक तिथेच सिलिकॉनची नळी रिकामी करतात. पण छताच्या पत्र्याला आतून आडव्या रिब (मजबुतीच्या पट्ट्या) असतात, पाणी पुढच्या स्कायलाइटच्या (छताच्या खिडकीच्या) कोपऱ्यातून शिरतं, रिबवरून आरामात वाहत जातं आणि कुठेतरी लांब जाऊन टपकतं. त्यामुळे टेस्ट नीट करायची. दोन माणसं लागतात, एक आत टॉर्च घेऊन, एक बाहेर पाइप घेऊन. आतलं सीलिंग जमेल तेवढं उघडा आणि संशय आहे तिथे टिश्यू पेपरच्या पट्ट्या चिकटवा, ओल आली की लगेच रंग बदलतो. पाण्याचा जोर कमी ठेवायचा आणि सुरुवात खालून करायची: आधी खिडकीची खालची कड, मग बाजू, मग वरची कड, सगळ्यात शेवटी छत, प्रत्येक जागी पाचेक मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडूनच ओघळतं आणि नक्की कुठून शिरलं ते कळायला मार्ग राहत नाही. काहीच सापडलं नाही तर गाडी उतारावर लावून परत करा, काही गळत्या गाडीचं नाक खाली असतानाच दिसतात. स्कायलाइट, सोलरची वायर आत येते ती जागा, रूफ रॅकचे बोल्ट, आणि मागच्या दारांच्या वरचा ब्रेक लाइट, हे नेहमीचे आरोपी. दरवाज्यात पाणी हिंदकळल्याचा आवाज येत असेल तर तळाची निचऱ्याची भोकं बुजलीत, केबल टाय घालून मोकळी करा, काम झालं.

जागा सापडली की जुनं सीलंट पूर्ण काढायचं. पूर्ण म्हणजे पूर्ण, वरून नवीन थर मारायचा नाही. सिलिकॉनचा त्रास हा की काढल्यावरही त्याचा पातळ पापुद्रा पत्र्यावर राहतो आणि त्यावर ना रंग धरतो, ना दुसरं सीलंट, ना नवीन सिलिकॉन धड चिकटतं. त्यामुळे बाहेरच्या बाजूला मी तरी सिलिकॉन वापरू नका असंच म्हणेन. फ्रेमखाली ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) लावा, ती मऊच राहते, पुढे स्कायलाइट काढायचा झाला तर निघतो. पॉलियुरेथेन सीलंट मस्त धरतं पण इतकं की नंतर काढताना फ्रेम तुटेल, त्यामुळे ते कायमच्या जोडांसाठी ठेवा. स्क्रू एकदम आवळायचे नाहीत, समोरासमोरचे थोडे थोडे पिळत जायचं, टेप कडेने बाहेर येते, दुसऱ्या दिवशी परत एकदा हलकेच आवळून बाहेर आलेली प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून काढायची.

छताला नवीन भोक पाडणार असाल तर कापण्यापेक्षा नंतरचं काम महत्त्वाचं. जिगसॉमधून उडणारा लोखंडाचा गरम कीस रंगात रुतून बसतो आणि थोड्याच दिवसात अख्ख्या छतावर गंजाचे ठिपके, म्हणून आजूबाजूला जुनी चादर पसरा, खाली आतून खोका धरा, आणि झाल्यावर लगेच व्हॅक्यूम मारा. कापलेली कड कानशीने घासून गुळगुळीत करायची, प्रायमर, मग रंगाचे दोन हात, पूर्ण वाळू द्यायचं, आणि मगच फ्रेम बसवायची. घाईत कड तशीच उघडी सोडली तर सीलंटच्या आतून गंज चढतो आणि मग सीलंट कितीही भारी असो, पत्राच सुटतो.

आणि हो, प्रत्येक ओल म्हणजे गळती नाही. पाऊस नसताना सकाळी सगळ्याच थंड पत्र्यावर दव साचलं असेल तर ती तुमच्या श्वासाची आणि गॅसची वाफ आहे. १ किलो प्रोपेन जळला की साधारण १.६ किलो पाणी तयार होतं, ते जाणार कुठे? स्वयंपाक करताना स्कायलाइट उघडा, खाली हवा आत यायला जागा ठेवा, आणि इन्सुलेशन पत्र्याला अगदी चिकटून बसवा, मधे पोकळी राहिली की तिथेच पाणी धरतं.

आता करंट. टिपिकल तक्रार ही, रात्री फ्रिज बंद पडतो, बॅटरी तर बरी दाखवतेय, मग फ्रिजच गेला असणार. थांबा, मल्टिमीटर काढा. १२ व्होल्टवर वायर बारीक असली की वाटेतच व्होल्टेज गळतं. समजा बॅटरीपासून फ्रिज ४ मीटरवर आहे, म्हणजे जाऊन येऊन ८ मीटर तांबं, आणि फ्रिज ५ अँपिअर खेचतोय. १.५ स्क्वेअर एमएमची वायर असेल तर जवळपास ०.४७ व्होल्ट वाटेत गेले, ४ स्क्वेअर एमएम घातली तर ०.१८ च्या आत. बॅटरीवर १२ असताना फ्रिजला ११.५ मिळतंय, त्यात कॉम्प्रेसर सुरू होताना अजून जास्त खेचतो, मग फ्रिजचं कमी व्होल्टेजचं प्रोटेक्शन त्याला बंद करतं आणि शिव्या फ्रिजला.

मोजायचं असं: कॉम्प्रेसर चालू असताना मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक प्रोब बॅटरीच्या प्लसवर, दुसरी फ्रिजच्या प्लसवर. जो आकडा येईल तो प्लसच्या वायरीत गेलेला व्होल्टेज. तसंच मायनसचं. मग एक प्रोब तिथेच ठेवून दुसरी जॉइंटवरून जॉइंटवर सरकवत न्या, फ्यूज होल्डर, स्विच, कनेक्टर, आकडा जिथे एकदम उडी मारेल तिथे चोर. बरेचदा तो मायनसला सापडतो कारण कोणीतरी लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) सरळ रंगावरच बोल्ट केलेला असतो. तिथला रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत करा, दातेरी वॉशर घालून आवळा, आणि वरून ग्रीस किंवा रंग लावा म्हणजे परत गंजणार नाही.

काम सुरू करताना बॅटरीचा मायनस आधी काढायचा आणि शेवटी जोडायचा, म्हणजे प्लसवर पाना लावताना तो चुकून बॉडीला टेकला तरी भडका नाही. सोलर असेल तर कंट्रोलरला (पॅनेल आणि बॅटरीच्या मधल्या डब्याला) आधी बॅटरी जोडायची, मग पॅनेल. फ्यूज हा वायर वाचवायला असतो, फ्रिज वाचवायला नव्हे, म्हणून तो बॅटरीच्या जवळात जवळ आणि वायरच्या क्षमतेप्रमाणे. जॉइंट सोल्डर करण्यापेक्षा चांगल्या टूलने क्रिम्प करा (म्हणजे धातूचं टोक वायरवर दाबून बसवा) आणि ओढून बघा. सोल्डर जिथे संपतं तिथे वायर कडक होते आणि धक्क्यांनी नेमकी तिथेच तुटते. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी चकती) हवाच हवा.

लिथियम बॅटरी घालायचीय? जरूर घाला, लेड अ‍ॅसिडची निम्मीच वापरायची असते आणि लिथियम आयर्न फॉस्फेटची जवळपास सगळी वापरता येते, पण नुसती जुनी काढून नवीन ठेवली असं होत नाही. शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नाही, त्यामुळे थंडीत चार्जिंग तोडणारा बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) हवा. अल्टरनेटरला (इंजिनवर चालणाऱ्या जनरेटरला) थेट जोडली तर ती इतका करंट ओढते की अल्टरनेटर तापतो, मधे करंट मर्यादेत ठेवणारा डीसी टू डीसी चार्जर लागतो. आणि व्होल्टेज बघून किती उरली ते सांगायची सवय सोडा. लेड अ‍ॅसिड काही तास शांत पडली असेल तर १२.७ म्हणजे फुल, १२.१ म्हणजे साधारण निम्मी, हे ठीक, पण लिथियमचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास सपाट असतं, तिथे शंटवाला मॉनिटरच (आत-बाहेर गेलेल्या करंटचा हिशेब ठेवणारा) लागतो. इन्व्हर्टरचंही तेच, १००० वॉट म्हणजे १२ व्होल्टवर ८३ अँपिअर, वरून त्याचा स्वतःचा लॉस, म्हणून तो बॅटरीला खेटून, जाड केबलने.

रात्री सगळे नळ बंद असताना पाण्याचा पंप मधेच टुर्र करतो ना, त्यात पंप बदलायची घाई नको. लाइनमधलं प्रेशर कुठेतरी उतरतंय. प्रत्येक जॉइंटखाली कोरडा टिश्यू ठेवा, एकही भिजला नाही तर पाणी पंपातूनच टाकीत परत जातंय, बहुतेक वेळा चेक व्हॉल्व्हमध्ये (पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपेत) कचरा अडकलेला असतो, हेड उघडून धुवा. पंप नुसताच फिरतोय आणि पाणी नाही, तर तो हवा ओढतोय, गाळणीच्या झाकणाची ओ रिंग बघा.

कपाटं पातळ पत्र्यात साध्या स्क्रूने लावू नका, रिबमध्ये रिव्हेट नट (पत्र्यात पक्का बसणारा आट्यांचा नट) घालून बोल्ट करा, ब्रेक मारल्यावर ती तुमच्या डोक्यात यायला नकोत. वजनाकडेही बघा, १०० लिटर पाणी म्हणजे सरळ १०० किलो, सगळं भरून एकदा वजनकाट्यावर नेऊन दोन्ही एक्सलचं वजन गाडीच्या वजनमर्यादेच्या प्लेटवरच्या आकड्याशी ताडून बघा. टायरही बघा. नक्षी चांगली दिसली तरी टायरच्या कडेवर छापलेल्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. उभ्या राहणाऱ्या व्हॅनचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात.

गॅसच्या लाइनला हात लावू नका, सीटबेल्ट आणि ब्रेकलाही नाही. तुमचं काम साबणाचं पाणी लावून जॉइंट तपासण्यापुरतं, फुगा दिसला की सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद आणि लायसन्सवाल्या फिटरला बोलवायचं. प्रोपेन हवेपेक्षा साधारण दीडपट जड असतो, गळला की जमिनीलगत साचतो, म्हणून गॅस लॉकरच्या (सिलिंडर ठेवायच्या कप्प्याच्या) तळाला भोकं दिलेली असतात, थंडी येते म्हणून ती कार्पेटने बुजवू नका, आणि गॅस अलार्म खालीच लावा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा, तो झोपता तिथे, डोक्याच्या आसपासच्या उंचीवर. बसवताना मागची एक्सपायरीची तारीख वाचा, हे अलार्म बटण दाबल्यावर वाजत राहतात पण आतला सेन्सर तोपर्यंत संपलेला असू शकतो.