बिग आयलंडची सहल मित्रांसोबत कशी आखावी

स्प्रिंग ब्रेकमध्ये, म्हणजे अमेरिकी कॉलेजांच्या वसंतातल्या सुट्टीत, हवाईच्या बिग आयलंडवर जाणारे मित्रांचे गट बहुधा सगळा मुक्काम पश्चिमेच्या कोना किनाऱ्यावर ठरवतात, कारण तिथे पाऊस कमी पडतो आणि समुद्र हाकेच्या अंतरावर असतो. किलाउएया ज्वालामुखीसाठी मग एकच दिवस उरतो आणि त्यातले चार-पाच तास जाण्यायेण्यात जातात. माझ्या मते ही आखणी मुळातच बदलायला हवी. पाच रात्री हाताशी असतील, तर पहिल्या दोन तरी पूर्वेकडच्या हिलोला किंवा या ज्वालामुखीच्या राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या व्होल्कॅनो गावात काढाव्यात.

याचे कारण असे की किलाउएया कोणाच्या सुट्टीचे वेळापत्रक पाळत नाही. डिसेंबर 2024 मध्ये त्याच्या माथ्यावरच्या हालेमाउमाउ विवरात सुरू झालेल्या उद्रेकात लाव्हाची कारंजी कधी काही तास, कधी काही दिवस उसळत आणि मग पुन्हा दीर्घ शांतता पसरे. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाच्या हवाईतील वेधशाळेच्या संकेतस्थळावर ज्वालामुखीची ताजी स्थिती आणि विवरावरच्या कॅमेऱ्यांची थेट दृश्ये मिळतात; ती रोज सकाळी पाहण्याचे काम गटातल्या एकाकडे सोपवावे. उद्यानाचे एका गाडीचे 30 डॉलर प्रवेशशुल्क सात दिवस चालते, त्यामुळे पुन्हा पुन्हा जाण्यात जादा खर्च नाही. मात्र तिथे रोख रक्कम घेत नाहीत.

लाव्हा दिसला नाही, तरी किलाउएया इकीची पायवाट चुकवू नये. 1959 च्या उद्रेकात या विवरातून सुमारे 580 मीटर उंच कारंजे उडाले होते आणि तेव्हा साचलेल्या लाव्हाच्या तळ्याचा थिजलेला पृष्ठभाग आज आपण चालत ओलांडतो, जिथे भेगांमधून अजूनही वाफ निघत असते. बेटावर मला यापेक्षा मोलाची दुसरी चाल माहीत नाही. हा भाग सुमारे 1,200 मीटर उंचीवर असल्याने रात्री थंडी वाजते आणि पाऊस केव्हाही येतो. म्हणून रेनकोट, गरम कपडे, टॉर्च आणि पुरेसे पाणी प्रत्येकाने स्वतःचे घ्यावे. विवरातून सल्फर डायऑक्साइड बाहेर पडत असल्याने गटात कोणाला दमा आहे का, हे निघण्याआधीच विचारून घ्यावे.

राहण्याची जागा लवकर ठरवावी. ईस्टरच्या रविवारी सुरू होणाऱ्या आठवड्यात हिलोमध्ये हुला नृत्याचा मेरी मोनार्क महोत्सव भरतो आणि त्या दिवसांत गावात खोली मिळणे फार कठीण होते. गाडी भाड्याने घेताना चालकाचे वय 25 पेक्षा कमी असल्यास बहुतेक कंपन्या रोजचा जादा आकार लावतात, म्हणून चालवणार कोण आणि तो आकार कसा वाटून घ्यायचा, हे तिकिटे काढण्यापूर्वीच बोलून घ्यावे.

बेटावरच्या मौना केआ पर्वताचे शिखर 4,207 मीटरवर आहे. वाटेत 2,800 मीटरवरील अभ्यागत केंद्रात निदान अर्धा तास थांबून शरीराला विरळ हवेची सवय होऊ द्यावी आणि त्यापुढे फोर-व्हील ड्राइव्हची गाडी असेल तरच जावे. स्कूबा डायव्हिंगनंतर 24 तास तरी तिथे चढू नये, आणि विमानात बसण्यापूर्वीही साधारण तेवढेच अंतर ठेवावे. पूर्वेची बाजू आधी, कोना नंतर आणि डायव्हिंग शेवटच्या दिवसाच्या आधी, हा क्रम म्हणूनच सोयीचा ठरतो.

उद्यानातून कोनाकडे दक्षिणेच्या रस्त्याने जावे, म्हणजे पुनालुउची काळ्या वाळूची चौपाटी वाटेतच लागते. तिथे वाळूवर पहुडलेल्या हिरव्या समुद्री कासवांपासून किमान तीन मीटर दूर राहावे. कोनाला पोचल्यावर कारंजी सुरू झाल्याचे कळले, तर त्या दिवसाचा बेत मोडून सर्वांनी परत उद्यानाकडे निघायचे की नाही, हेही आधीच एकमताने ठरवून ठेवावे.