फ्लिप फोन घ्यायचाय? आधी लोकांचे रिव्ह्यू वाचायला शिका

फ्लिप फोनचे रिव्ह्यू वाचताना सगळ्यात आधी स्टार नाही, तारीख बघायची. म्हणजे फोन हातात पडून किती दिवस झाल्यावर माणसाने लिहिलंय ते. साध्या फोनला एवढं नाही बघावं लागत, तो पहिल्या आठवड्यात जसा असतो तसाच साधारण वर्षभर असतो, पण फ्लिपचं तसं नाही, त्यात मधोमध हलणारा पार्ट (हिंज, म्हणजे बिजागरी) आहे आणि घडी पडणारी स्क्रीन आहे, आणि या दोन्हीचं खरं काय ते महिने गेल्यावरच कळतं. डिलिव्हरीच्या दिवशी पाच स्टार देणारा माणूस खोटं बोलत नसतो हो, त्याला खरंच आवडलेला असतो फोन, पण त्याने जे बघितलंय ते म्हणजे कलर, बॉक्स आणि टक् करून बंद होण्याचा आवाज. नव्याचे नऊ दिवस.

म्हणून पहिलं काम, रिव्ह्यूंच्या पेजवर सॉर्टिंग बदला. 'टॉप' म्हणून जे वर दिसतात ते बहुतेक लॉन्चच्या सुमाराचे असतात, लोकांनी लाईक केलेले म्हणून तिथेच चिकटून बसलेले. 'नवीन आधी' करा. मग सर्च बॉक्स असेल तर त्यात 'सहा महिने', 'एक वर्ष', 'लाईन', 'फिल्म', 'बबल', 'हिंज', 'सर्व्हिस सेंटर' असे शब्द टाका, मराठीत नाही सापडले तर इंग्रजीत टाका. ज्या रिव्ह्यूच्या खाली 'अपडेट: आठ महिन्यांनी' असं स्वतःच जोडलेलं असतं ना, तो सोन्यासारखा, मग स्टार कितीही असोत. आणि तीन स्टारवाले नक्की वाचा. पाचवाले प्रेमात असतात, एकवाले संतापलेले असतात (आणि त्यातले कितीतरी फोनवर नाही, कुरिअरवर संतापलेले असतात, 'बॉक्स फाटका आला' म्हणून एक स्टार, आता यात फोनचा काय दोष), तीनवाला मात्र बसून विचार करून लिहितो, हे चांगलं आहे पण ते जमलं नाही, असं.

दुसरं, रिव्ह्यू नक्की कुठल्या मॉडेलचा आहे ते बघा. हे बोअरिंग वाटतं पण फ्लिपमध्ये सगळा घोळ इथेच होतो. नावं सारखी, नुसता शेवटचा आकडा बदलतो, आणि मधल्या काळात फोन पार बदललेला असतो. सॅमसंगच्या गॅलक्सी झेड फ्लिपचंच घ्या. २०२० ला पहिला आला त्याला बाहेरची स्क्रीन १.१ इंचाची, म्हणजे टाईम बघा आणि गप्प बसा. २०२१ च्या फ्लिप ३ ला १.९ इंच, २०२३ च्या फ्लिप ५ ला एकदम ३.४, आणि २०२५ च्या फ्लिप ७ ला ४.१ इंच. मोटोरोलाने २०२३ लाच रेझर ४० अल्ट्राला ३.६ इंचाची दिली होती. आता 'प्रत्येक मेसेजला फोन उघडावा लागतो, वैताग आला' ही तक्रार जुन्या मॉडेलच्या रिव्ह्यूत तुम्हाला ढिगाने सापडेल, आणि ती खरीच होती, पण मोठ्या कव्हर स्क्रीनच्या (म्हणजे बाहेरच्या स्क्रीनच्या) फोनला ती लागू होत नाही. बॅटरीचंही तेच. पहिल्या फ्लिपला आणि फ्लिप ३ ला ३३०० एमएएच (बॅटरीची क्षमता), ४ आणि ५ ला ३७००, ६ ला ४०००, ७ ला ४३००. 'बॅटरी संध्याकाळपर्यंत पण टिकत नाही' हे वाक्य वाचलंत की आधी वर जाऊन मॉडेल बघा, मग काळजी करा. तरी एक सांगते, फ्लिपमध्ये बॅटरी दोन तुकड्यांत असते, एक वरच्या अर्ध्या भागात आणि एक खालच्या, आणि घडी घातल्यावर फोन जाड वाटू नये म्हणून दोन्ही पातळ ठेवाव्या लागतात, त्यामुळे त्याच किमतीच्या सरळ फोनइतकी बॅटरी मिळेल ही अपेक्षाच ठेवू नका. इथे रिव्ह्यूमध्ये 'चांगली', 'वाईट' हे शब्द सोडून द्या, माणूस काय वापरतो ते शोधा. दिवसभर मॅप लावून फिरणारा आणि फक्त कॉल-मेसेजवाला या दोघांची 'चांगली' वेगळी असते.

आता मेन मुद्दा, क्रीज. मधली ती घडीची रेघ. याच्यावर सगळ्यात जास्त लिहिलं जातं आणि माझ्या मते गरजेपेक्षा जास्तच लिहिलं जातं. फोटोंवर जाऊ नका. स्क्रीन चालू असताना समोरून काढलेल्या फोटोत ती दिसतच नाही, आणि स्क्रीन बंद करून तिरक्या उजेडात काढलेल्या फोटोत ती दरी असल्यासारखी दिसते. दोन्ही फोटो खरे. रिव्ह्यूमध्ये शोधायचं ते हे की घडी डोळ्याला दिसते का बोटाला लागते. डोळ्याला दिसणारी बहुतेक लोक काही दिवसांत विसरतात, पण स्क्रोल करताना अंगठ्याला लागणारी काहींना शेवटपर्यंत खटकते. आणि तिसरी गोष्ट, जी सगळ्यात महत्त्वाची, घडी आहे तशीच आहे का वाढत चाललीय. 'सुरुवातीला नव्हती, आता त्याच जागी बारीक काळी रेघ आलीय' असं लिहिलेलं दिसलं तर तो क्रीजचा विषयच नाही, ते पॅनल, म्हणजे स्क्रीनच, जायला लागल्याचं लक्षण आहे. अशा तक्रारी एखाद-दुसऱ्या असतील तर ठीक, वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या महिन्यांत तेच लिहिलं असेल तर दोन पावलं मागे या.

आतल्या स्क्रीनबद्दल अजून थोडं, कारण निम्म्या रागावलेल्या रिव्ह्यूंचं मूळ इथे आहे. ती काच आपल्या नेहमीच्या काचेसारखी नसते. पहिल्या झेड फ्लिपची काच साधारण ३० मायक्रॉनची होती, केसाहूनही पातळ, आणि तिच्यावर प्लॅस्टिकचा थर. म्हणजे बोट लागतं ते प्लॅस्टिकला. मोह्सच्या कठीणपणाच्या स्केलवर (आकडा मोठा तितकी वस्तू कठीण) साध्या फोनच्या काचेवर ६ च्या आसपास ओरखडे सुरू होतात, इथे २ लाच होतात, आणि आपलं नख असतं साधारण अडीचचं. आता कळलं ना 'नुसत्या नखाने खूण पडली' हे लोक का लिहितात? ते उगाच नाटक करत नसतात. नखं वाढवायची सवय असेल तर अशा रिव्ह्यूंना जरा जास्त वजन द्या, फोन उघडताना नख त्या फटीत घालायचा मोह होतोच.

आणि तो वरचा थर. काही जण त्याला साधं स्क्रीन गार्ड समजून स्वतःच ओढून काढतात, स्क्रीन खराब होते आणि मग एक स्टार. कंपन्या स्पष्ट सांगतात की काढू नका. त्यामुळे 'फिल्म काढली आणि स्क्रीन गेली' हा रिव्ह्यू फोनच्या विरोधात धरू नका, पण 'फिल्म घडीवर आपोआप उचलली, बबल आला' हा धरा. ही तक्रार फ्लिपमध्ये कॉमन आहे, त्यामुळे ती आली का यापेक्षा पुढे काय झालं ते वाचा. सर्व्हिस सेंटरने थर बदलून दिला का, वॉरंटीत दिला का पैसे मागितले, किती दिवस फोन ठेवून घेतला. फ्लिप फोन विकत घेताना तुम्ही अर्धा फोन आणि अर्धी सर्व्हिस विकत घेताय असंच समजा, कारण आतली स्क्रीन बदलणं हा खिशाला मोठी कात्री लावणारा प्रकार आहे.

बिजागरीचे दावे वाचताना आकडा बघून घाबरू पण नका आणि खूश पण होऊ नका. '२,००,००० वेळा उघडझाप' असं लिहिलेलं असतं, दिवसाला शंभर वेळा उघडला तर ते साडेपाच वर्षांच्या जवळ जातं. पण ती टेस्ट मशीनने, स्वच्छ जागी, एकाच दाबाने केलेली असते. खिशातली धूळ, पर्समधला कचरा, एका कोपऱ्याला धरून तिरकं उघडणं, हे त्यात नसतं. उलटंही होतं. २०२० मध्ये सीनेट या टेक वेबसाईटने तेव्हाच्या नव्या मोटोरोला रेझरला मशीनवर टाकलं आणि साधारण २७,००० घड्यांतच बिजागरी नीट चालेनाशी झाली, सगळीकडे बोंब झाली, त्यावर मोटोरोलाचं म्हणणं पडलं की ते मशीन आमच्या फोनसाठी बनलेलंच नाही, बिजागरीवर नको तेवढा ताण येतो. कोण बरोबर ते सोडा. मशीनचा आकडा मशीनपुरता, तुम्हाला हवा तो वापरणाऱ्याचा अनुभव. 'हिंज ढिली झाली, आता अर्धवट उघडून ठेवला की पडतो', 'उघडताना कर्र आवाज येतो', 'पूर्ण सपाट उघडत नाही' ही तीन वाक्यं शोधा. तिसरं सगळ्यात वाईट.

पाण्याबद्दल लोक भलतंच लिहितात. 'वॉटरप्रूफ आहे, बिनधास्त' वगैरे. रेटिंग वाचा, म्हणजे धूळ-पाणी किती अडतं ते सांगणारा 'आयपी' कोड. आयपीएक्स८ मधला एक्स म्हणजे धुळीचं रेटिंगच दिलेलं नाही. आयपी४८ मधला ४ म्हणजे एक मिलिमीटरहून मोठे कण आत जाणार नाहीत, बारीक धूळ आणि वाळू जाऊ शकते. आणि पाण्याची टेस्ट गोड्या पाण्यात होते. त्यामुळे समुद्रावर जाऊन आल्यावर बिघडलेल्या फोनचे रिव्ह्यू मी फोनची चूक म्हणून मोजत नाही, पण 'खिशात ठेवूनच धूळ गेली' वाले मोजते.

अजून एक प्रकार असतो, जुन्या फ्लिपच्या आठवणीने घेणाऱ्यांचा. मोटोरोलाचा १९९६ चा स्टारटॅक किंवा २००४ चा रेझर व्ही३ मनात ठेवून लोक नवा फ्लिप घेतात. व्ही३ होताच तसा, १३.९ मिलिमीटर जाडी, अंगठ्याने एका झटक्यात उघडायचा, आणि भांडण झालं की फाटकन बंद करून कॉल कट! ती सिरीज १३ कोटींहून जास्त विकली गेली, उगाच नाही. पण आताच्या बऱ्याच फ्लिपची बिजागरी मुद्दाम घट्ट असते, कुठल्याही कोनात थांबावी म्हणून. 'एका हाताने उघडत नाही' या तक्रारीचं कारण हेच, आणि 'टेबलवर अर्धा उघडून ठेवला, ट्रायपॉड न लावता ग्रुप फोटो काढला' या कौतुकाचं कारणही तेच. म्हणजे एकाच गोष्टीला एकजण दोन स्टार देतोय, दुसरा पाच. तुम्ही कुठल्या बाजूचे ते आधी ठरवा, नाहीतर शंभर रिव्ह्यू वाचून डोक्याचा भुगा होईल.

बटणांचा साधा फ्लिप घ्यायचा असेल, घरातल्या मोठ्या माणसांसाठी वगैरे, तर वरचं बरंचसं सोडून द्या. तिथे कॉलचा आवाज, बटणं किती मोठी आणि दाबल्यावर कळतात का, आणि फोन तुमच्या नेटवर्कवर ४जी कॉल घेतो का, एवढंच शोधा, कारण बऱ्याच ठिकाणी जुनी नेटवर्कं बंद झालीयत.

खोटे रिव्ह्यू ओळखणं फार अवघड नाही. एकाच आठवड्यात आलेले, एकाच चालीचे, 'स्टायलिश लुक, प्रीमियम फील, मस्त कॅमेरा' आणि पुढे काहीच नाही, असे दहा दिसले की सोडून द्या. खऱ्या माणसाला काहीतरी बारीक खुपतंच: कव्हर घातलं तर वायरलेस चार्जिंग नीट बसत नाही, घडी घातलेला फोन जीन्सच्या खिशात फुगतो, गप्पा मारताना खालचा भाग गरम होतो. असलं काहीतरी असलं की समजा फोन वापरलाय.

फोन आलाच घरी, तर परत करायची मुदत संपायच्या आत लोकांच्या तक्रारींची यादी स्वतःच्या फोनवर चालवून बघा. पांढरी स्क्रीन लावा आणि घडीच्या जागी काळा ठिपका किंवा रेघ आहे का बघा. स्क्रीन बंद करून तिरकी धरा, फिल्मची कड कुठे उचललीय का ते दिसेल. घडीवर आडवं बोट फिरवा. नव्वद अंशात उघडून ठेवा, थांबतो का घसरतो. कानाजवळ धरून हळू उघडा, आवाज ऐका. पूर्ण उघडून टेबलवर ठेवा, सपाट बसतो का. मग त्याच दिवशी अर्धा तास व्हिडिओ कॉल करा, गरम किती होतो ते बघायला, आणि यातलं काही खटकलं तर 'होईल सवय' म्हणू नका, लगेच रिटर्न टाका.