ऑर्डर भरपूर, खातं रिकामं: अडकलेली बिलं कशी सुटली (माझा अनुभव)

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं छोटं मशिनिंगचं युनिट आहे. कामाची कमी नव्हती, पण ग्राहक कंपन्यांकडे बिलं तीन-चार महिने अडकायची. पगार, वीजबिल आणि जीएसटी मात्र तारखेलाच. हाती न आलेल्या पैशांवरचा जीएसटी भरताना जीव मेटाकुटीला यायचा.

फोन झाले, लवकर पैसे दिल्यास सूट देऊन पाहिली, बँकेची सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलाचं कर्ज) लिमिट वाढवली. वाढलं ते फक्त व्याज.

उपयोग झाला तो या क्रमाने. आधी उद्यम प्रमाणपत्र (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) तपासलं. त्यावर आमची नोंद होती: सूक्ष्म, उत्पादन. (नोंद व्यापारी म्हणून असेल तर पुढचं लागू होत नाही.) मग प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक आणि देय तारीख छापली. माल मिळाल्याची सही-शिक्क्याची चलनप्रत फाइलला लावली, कारण पैसे देण्याची कायदेशीर मुदत माल स्वीकारल्यापासून मोजतात: लेखी करार नसेल तर १५ दिवस, असला तरी जास्तीत जास्त ४५.

खरा फरक पडला फेब्रुवारीत. ग्राहक कंपन्यांच्या परचेसवाल्यांना सोडून थेट त्यांच्या अकाउंट्सला पत्र दिलं. सोबत थकीत बिलांची यादी, प्रमाणपत्राची प्रत आणि एक वाक्य: ‘मुदत उलटलेली रक्कम ३१ मार्चपर्यंत दिली नाही, तर आयकर कायदा, १९६१ च्या कलम ४३बी(एच) नुसार ती तुम्हाला यंदाच्या खर्चात धरता येणार नाही.’ मार्चअखेर बहुतेक पैसे जमा झाले.

एका ग्राहकाने तरीही दाद दिली नाही. त्याला २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्यातलं, रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, मासिक चक्रवाढ व्याज लावून नोटीस पाठवली आणि थकीत बिलांच्या तक्रारींसाठीच्या सरकारी ‘समाधान’ पोर्टलवर अर्ज टाकला. सुनावणीआधीच मुद्दल आली.